संशोधन-विदा व्यवस्थापनाचे अभियांत्रिकी शिक्षण

मोजमाप, चाचणी व संगणकीय प्रतिरूपण यांतून जमा होणाऱ्या विदेची, म्हणजेच डेटाची, आखणी, नोंद, वर्णन, जतन आणि देवाणघेवाण शिस्तीने करण्याचे कौशल्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना देणारे शिक्षण.

प्रयोगशाळेत तुळईवर भार देऊन वाचने घेतली आणि तक्त्यातील स्तंभाला नुसते ‘भार’ असे नाव दिले, तर आकडे किलोन्यूटनमध्ये आहेत की किलोग्रॅम-बलात, उपकरणाचे अंशशोधन केव्हा झाले, नमुना कोणता होता, हे वर्षभराने खुद्द मोजणाऱ्यालाही सांगता येत नाही. विदेविषयीच्या अशा माहितीला अधिविदा म्हणतात. एककांच्या गोंधळाची किंमत मोठी असते : १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ नष्ट झाले, कारण जमिनीवरील एका आज्ञावलीने आवेग पौंड-बल-सेकंदांत दिला होता आणि पुढच्या गणितात तो न्यूटन-सेकंदांत धरला गेला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने जानेवारी २०११ पासून अनुदानाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत जास्तीत जास्त दोन पानांचा विदा-व्यवस्थापन आराखडा सक्तीचा केल्यावर या शिक्षणाला गती मिळाली. त्याच वर्षी पर्ड्यू, कॉर्नेल, मिनेसोटा व ऑरेगन या विद्यापीठांच्या ग्रंथपालांनी हाती घेतलेल्या विदा-साक्षरता प्रकल्पात १२ क्षमतांची चौकट वापरण्यात आली. मिनेसोटात स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सात घटकांचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार झाला. त्यात विद्यार्थी स्वतःच्याच संशोधनाचा विदा-व्यवस्थापन आराखडा लिहीत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फेअर’ तत्त्वांनी विदा शोधता येण्याजोगी, मिळण्याजोगी, इतर प्रणालींशी जुळणारी व पुन्हा वापरण्याजोगी असावी, हा निकष रूढ केला.

अभ्यासक्रमात फाइलला दिनांक व आवृत्ती दर्शविणारे नाव देणे, मूळ वाचनांना हात न लावता प्रतीवर काम करणे, सीएसव्हीसारखे खुले स्वरूप निवडणे, आज्ञावलीतील बदल गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीने नोंदवणे आणि तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे व एक प्रत अन्यत्र, हा जतनाचा नियम पाळणे यांचा समावेश असतो. औद्योगिक करारांतील गोपनीयता, पेटंट आणि विदेची मालकी हे प्रश्न अभियांत्रिकीत विशेष महत्त्वाचे ठरतात.

हे कौशल्य केवळ व्याख्यानाने अंगी बाणत नाही; प्रयोगवही व प्रकल्प-अहवाल यांच्या मूल्यमापनात त्याला गुण असले, तरच ते सवयीत उतरते. जिचे वर्णन हरवले आहे, ती विदा पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते.