केशरी जाकिटाचा जन्म

१/५ रस्त्याच्या कामावर, गोदीत, कारखान्याच्या आवारात दिसणारे भडक केशरी जाकीट आज इतके परिचयाचे आहे की, त्यालाही इतिहास असेल असे वाटत नाही. हा इतिहास १९६४ साली ग्लासगोच्या रेल्वेमार्गावर नेतो.

२/५ वाफेच्या इंजिनाचा धडधडाट दुरून ऐकू येई. रुळांवरचा कामगार कानांवर विसंबून बाजूला होई. विजेची गाडी मात्र वेगवान आणि त्या मानाने शांत. कानांचा पहारा अपुरा ठरू लागला.

३/५ ब्रिटिश रेल्वेच्या स्कॉटिश विभागाने पोलॉकशील्ड्स ते एग्लिंटन स्ट्रीट या विद्युतीकृत टप्प्यावरील कामगारांना झळाळती केशरी जाकिटे दिली. त्यांना नाव पडले ‘फायरफ्लाय’, म्हणजे काजवा.

४/५ नाव काजव्याचे, करामत मात्र दिवसाची. हा रंग उन्हातील अदृश्य अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो. रात्री दिव्याचा झोत परत फेकणाऱ्या पट्ट्याच कामी येतात.

५/५ तरीही जाकीट गाडी थांबवत नाही. ते माणूस दाखवते, तेही चालक त्या दिशेला पाहत असेल तरच. मागे सरकणाऱ्या डंपरच्या आडोशाला उभ्या कामगाराला त्याचा आधार नाही. म्हणूनच सुरक्षेच्या उतरंडीत त्याचे स्थान शेवटचे: आधी वाहनांची आणि माणसांची वाट वेगळी, मग जाकीट.