तळटीप १४ : ‘पानातलं विष’

१४. येथे निकोटीन अभिप्रेत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, भवानी पेठेच्या परिसरात, विडी वळणे हा बायकांचा जुना घरबसल्या धंदा. कारखान्यातून पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणायचा, वळलेल्या विड्या नेऊन द्यायच्या, अशी त्याची रीत. मात्र विडीला गुंडाळतात ते तेंदूचे पान निर्दोष. त्यात निकोटीन नसते. विष आहे ते आतल्या तंबाखूत.

निकोटीन हे अल्कलॉइड वर्गातले. वनस्पतींत तयार होणारी, नायट्रोजनयुक्त, बहुधा अल्कधर्मी आणि कडू अशी ही द्रव्ये. चहा-कॉफीतले कॅफीन, सिंकोनाच्या सालीतले क्विनीन, अफूतले मॉर्फीन ही त्याचीच भावंडे. १८२८ साली पोसेल्ट व राइमान या जर्मन संशोधकांनी तंबाखूतून निकोटीन वेगळे काढले. ते झाडाच्या मुळांत तयार होते, पानांत साठते आणि पाने खाणाऱ्या किडींना दूर ठेवते. तंबाखूत नॉर्निकोटीन, अ‍ॅनाबेसीन व अ‍ॅनाटॅबीन हीसुद्धा असतात, पण निकोटीनच्या मानाने थोडी.

शुद्ध निकोटीन हा रंगहीन, तेलकट द्रव. हवेत तो तपकिरी होत जातो.

मुख्य म्हणजे ते कातडीतूनही शरीरात शिरते. त्यामुळे जन्मात कधी विडी न ओढलेल्या, पण दिवसभर सुपातली तंबाखू हाताळणाऱ्या बाईच्या लघवीतही कोटिनीन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारे द्रव्य, सापडते. पुढच्या परिच्छेदातील मळमळ आणि भोवळ ही निकोटीनबाधेची नेहमीची लक्षणे आहेत. — संपादक