गरोदरपणात अंगदुखीची गोळी घ्यावी का? आई आणि तान्ह्या बाळासाठी काय चालतं, काय नाही

लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये 'अंगदुखीची गोळी द्या' म्हटलं की गोळी हातात पडते. पण घरातल्या सगळ्यांना चालणारी गोळी गरोदर बाईला चालेलच असं नाही. नेमका फरक काय, ते समजून घेऊया.

पॅरासिटामॉल सुरक्षित आहे का?

ताप आणि दुखण्यासाठी गरोदरपणात डॉक्टर आधी पॅरासिटामॉलच सुचवतात. कमीत कमी डोस, कमीत कमी दिवस आणि डॉक्टरांना विचारून, हा साधा नियम. क्रोसिन, डोलो आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्ये हेच औषध असतं. त्यामुळे दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या तर डोस नकळत दुप्पट होतो. जास्त डोस यकृताला घातक ठरतो.

मग ऑटिझमचा दावा काय आहे?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलचा संबंध ऑटिझमशी जोडला. त्यानंतर दोनच दिवसांनी, असा संबंध सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट केलं. स्वीडनमध्ये सुमारे २४.८ लाख मुलांवर झालेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध आढळला नाही. उलट, गरोदरपणात जास्त ताप अंगावर काढणं बाळासाठी धोक्याचं ठरू शकतं.

कोणत्या गोळ्या टाळायच्या?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड (मेफ्टाल) आणि निमेसुलाईड ही एकाच गटातली औषधं. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेनही असतं, हे अनेकांना माहीत नसतं.

अमेरिकेच्या औषध नियामकानं ऑक्टोबर २०२० मध्ये इशारा दिला की २० आठवड्यांनंतर, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यापासून, ही औषधं टाळावीत. यामुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. ३० आठवड्यांच्या आसपास आणि त्यानंतर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधीच बंद होण्याची भीती असते.

एक अपवाद आहे. रक्तदाबाचा धोका असलेल्या गरोदर महिलांना डॉक्टर कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात. ती परस्पर बंद करू नका.

गोळी घेऊन थांबू नका, कधी?

पाचव्या महिन्यानंतर डोकं सतत दुखत असेल, डोळ्यांसमोर अंधारी येत असेल, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज असेल तर लगेच रक्तदाब तपासा. डोकेदुखीच्या गोळीनं दुखणं दबेल, वाढलेला रक्तदाब नाही.

बाळंतपणानंतर काय?

अंगावर पाजणाऱ्या आईला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन सहसा चालतं. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र टाळायला सांगतात, कारण दुधातून ते बाळापर्यंत जाऊन त्याला गुंगी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो.

तान्ह्या बाळाला औषध देताना

पहिल्या महिन्यात बाळाचं अंग तापलं (१००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त), गार पडलं किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर घरी औषध देत बसू नका. हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. थेट दवाखाना गाठा.

दीड महिन्याच्या लसीनंतर ताप आला तर नर्स किंवा डॉक्टर वजनानुसार सांगतील तेवढाच डोस द्या. ड्रॉप्स आणि सिरप एकच समजू नका. बाजारात मिळणाऱ्या अनेक ड्रॉप्सच्या १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. ५ मिलीला १२५ मिलिग्रॅमच्या सिरपमध्ये ते १ मिलीला फक्त २५ असतं. म्हणजे तेवढ्याच मिलीत चौपट डोस!

निमेसुलाईडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ पासून बंदी आहे. बाळाला अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. सुई टोचताना अंगावर पाजलं तरी बाळाचं दुखणं कमी होतं.

मदत कुठे मिळेल?

गावातल्या आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. घरातल्या औषधांच्या बाटल्या त्यांना दाखवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर माता आणि आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार, औषधं आणि ने-आण मोफत आहे. तातडीच्या वेळी १०८ वर फोन करा. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी केंद्रं आहेत.

आणि मेडिकलमध्ये गोळी मागताना पहिलं वाक्य हेच असू द्या: 'गरोदर बाईसाठी पाहिजे.'