घाटावरचें पाणी आणि महसीर मासा

मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी कर्जत सोडून घाट चढूं लागला कीं त्याचें लक्ष बोगद्यांकडे आणि धबधब्यांकडे जातें. याच डोंगराच्या उतारावरून जाड लोखंडी नळ खालीं आलेले आहेत, हें क्वचितच कोणाच्या मनांत येतें. कर्जत तालुक्यांतील भिवपुरी व खालापूर तालुक्यांतील खोपोली येथें हे नळ उतरतात आणि त्यांतून कोसळणाऱ्या पाण्यावर विजेचीं यंत्रें फिरतात. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं. मुंबईच्या गिरण्यांना या पाण्यानें दिलेली शक्ति, टाटा घराण्याची दूरदृष्टि, मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांनीं उभारलेला लढा, या गोष्टी मराठी वाचकांस परिचित आहेत. परंतु त्याच पाण्यांत राहणाऱ्या एका माशाचा इतिहास फारसा कोणी सांगितलेला नाहीं. तो आमच्या मतें तितकाच सांगण्याजोगा आहे.

हें पाणी मूळचें कोकणचें नव्हे. लोणावळ्याच्या परिसरांतील वळवण आदि सरोवरें आणि आंध्रा नदीवरील ठोकरवाडीचें धरण हीं सर्व घाटमाथ्यावर, भीमेच्या खोऱ्यांत आहेत. स्वभावानें हें पाणी इंद्रायणींतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस आणि शेवटीं बंगालच्या उपसागरास मिळावयाचें. अभियंत्यांनीं तें अडवून पश्चिमेस वळविलें. सुमारें सतराशें फूट खालीं येऊन खोपोलीस तें पाताळगंगेंत पडतें. भिवपुरीचें पाणी उल्हास नदीस मिळतें, आणि ऐन उन्हाळ्यांत कल्याणकडच्या वस्तीची तहान बऱ्याच अंशीं त्यावर भागते. कोकणच्या दोन नद्या अशा रीतीनें पुष्ट झाल्या. देहू-आळंदीच्या इंद्रायणीस मात्र तेवढें पाणी उणें पडलें.

या बाजूच्या माशांची पहिली शास्त्रीय मोजदाद कर्नल सायक्स यांनीं केली. १८२४ सालीं मुंबई सरकारनें दख्खनच्या सांख्यिक पाहणीसाठीं त्यांची नेमणूक केली, आणि हा गृहस्थ धान्याचे भाव, पर्जन्यमान, पक्षी व मासे या साऱ्यांच्या मागें सारख्याच उत्साहानें हिंडला. दख्खनच्या माशांविषयींचा त्यांचा निबंध १८३९ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत एक गोष्ट आपणांस सुखावणारी आहे. नव्या जातींस केवळ लॅटिन नांवें न देतां सायक्स यांनीं पुष्कळ ठिकाणीं येथल्या लोकांच्या तोंडचींच नांवें उचललीं. शिंगटी, मसळा, खुद्री हे शब्द असे जगाच्या शास्त्रग्रंथांत जाऊन बसले. मुळा-मुठेंत मिळालेली ही ‘खुद्री’ म्हणजेच ज्यास आज दख्खनचा महसीर म्हणतात तो मासा.

महसीर हा वाहत्या पाण्याचा मासा आहे. मोठाले खवले, जाड ओठ, तोंडाशीं मिशांच्या दोन जोड्या आणि प्रवाहाच्या उलट जाण्याचें विलक्षण बळ, हीं त्याचीं लक्षणें होत. पावसाळ्यांत नद्या भरल्या कीं तो वर चढून स्वच्छ, उथळ ओढ्यांत शिरतो व तेथील खडे-गोट्यांत अंडीं घालतो. हीं अंडीं पिवळसर व मोठीं असतात, पण रोहू-कटल्याच्या मानानें फारच थोडीं. पाणी थंड, खेळतें व निर्मळ असेल तरच तीं जगतात. अशा माशाच्या वाटेंत भिंत उभी राहिली म्हणजे काय होतें, हें सांगावयास मोठें शास्त्र नको. हिंदुस्थानांतील गोड्या पाण्याच्या मत्स्यसंपत्तीवर १८७३ सालीं अहवाल लिहितांना फ्रान्सिस डे यांनीं बंधाऱ्यांमुळें आणि पिलांच्या बेसुमार मारीमुळें होणाऱ्या हानीकडे सरकारचें लक्ष वेधलें होतें. त्याच वर्षीं थॉमस नांवाच्या मुलकी अधिकाऱ्याचें गळ टाकण्याच्या कलेवरील पुस्तक निघालें. खरें सांगावयाचें तर पुढील सत्तर वर्षें महसीराविषयीं विद्वानांपेक्षां शिकारी साहेबांनींच अधिक लिहिलें. सुंदरलाल होरा यांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत जी लेखमाला लिहिली, तिचेंहि शीर्षक ‘हिंदुस्थानांतील शिकारीचे मासे’ अशाच अर्थाचें होतें.

धरणें झालीं तरी घाटमाथ्यावरच्या सरोवरांत अडकलेले महसीर अगदींच नष्ट झाले नाहींत. भोंवतालच्या ओढ्यांत चढण्यापुरती वाट त्यांना उरली होती. येथें डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांचें नांव घेतलें पाहिजे. १९४० सालीं मुंबईकडच्या खाड्यांतील एका चिमुकल्या, जवळजवळ पारदर्शक माशाचें त्यांनीं केलेलें वर्णन प्राणिशास्त्रज्ञांत गाजलें होतें; त्या माशास त्यांनीं होरा आणि सेटना या आपल्या दोन वडीलधाऱ्यांचीं नांवें दिलीं. पुढें ते राज्याच्या मत्स्यखात्याचे संचालक झाले. १९७० च्या सुमारास त्यांनीं लोणावळ्याच्या सरोवरांतील खुद्रीचीं अंडीं, त्यांची वाढ आणि पिलांच्या संवयी यांचा बारकाईनें अभ्यास करून तो प्रसिद्ध केला. टाटांच्या वीज कंपन्यांनीं वळवण येथें महसीराचें संवर्धनकेंद्र उभारलें, आणि कुळकर्णी व त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनीं पक्व माशांचीं अंडीं हातानें काढून, फलित करून, पिलें वाढविण्याची पद्धति बसविली. पिलें तीन-चार दिवसांत बाहेर येतात व प्रथम कोपऱ्यांत एकमेकांस बिलगून स्वस्थ पडून राहतात. हीं अंडीं ओल्या कापसांत गुंडाळून दूरवर पाठवितां येतात, हा शोध दिसावयास लहान पण परिणामानें फार मोठा ठरला. पाण्याच्या पिंपांवांचून मासा प्रवास करूं लागला.

ज्या धरणांनीं माशाची वाट अडविली त्यांच्याच धन्यांनीं त्याची पैदास हातीं घ्यावी, याला कोणी प्रायश्चित्त म्हणेल, कोणी व्यवहार म्हणेल. आम्हांस तें काम प्रामाणिक वाटतें. १९७० सालींच जपानांत किंकी विद्यापीठानें ट्यूनाच्या, म्हणजे आमचे कोकणांतले कोळी ज्यास कुपा किंवा गेदर म्हणतात त्या जातीच्या माशाच्या, पैदाशीचे प्रयोग आरंभिले होते. अंड्यापासून अंड्यापर्यंतचें चक्र पुरें होण्यास त्यांना २००२ सालापर्यंत थांबावें लागलें. त्या मानानें लोणावळ्याचें यश झटपट आलें. पण ट्यूनाच्या बाबतींत आणखी एक काम चालूं होतें. अटलांटिक महासागरांतील ट्यूनासाठीं अनेक राष्ट्रांचें मंडळ १९६९ पासून पकडलेल्या माशांचे हिशेब ठेवीत आलें आहे. शास्त्रज्ञांनीं माशांच्या अंगांत नोंदयंत्रें बसवून तो महासागर ओलांडतो कसा, खोल बुडी मारतो कोठें, हें पाहिलें. रानांतला मासा किती आहे आणि कसा आहे, हा प्रश्न पैदाशीच्या प्रश्नाहून वेगळा ठेवण्यांत आला. आपल्या नद्यांसाठीं असा हिशेब कोणी ठेविला नाहीं.

त्याचें फळ कावेरीवर दिसलें. लोणावळ्याचीं पिलें देशांतील अनेक नद्यांत व तलावांत सोडण्यांत आलीं. १९७० नंतरच्या दशकांत तीं कावेरींतहि गेलीं. कावेरींत पूर्वींपासून एक निराळा महसीर होता. त्याच्या मानेमागें उंचवटा, पर नारिंगी आणि देह प्रचंड. १९४६ सालीं काबिनी नदींत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनीं गळानें धरलेला १२० पौंडांचा सुप्रसिद्ध मासा याच जातीचा. जगभरचे शिकारी या माशासाठीं कावेरीवर येत, तरी त्याचें शास्त्रीय नांव कोणी नीट ठरविलें नव्हतें. ज्यास नांव नाहीं त्यास यादींत जागा नाहीं, आणि यादींत नाहीं त्याची चिंता कोण करणार? महसीर तो महसीर, असें समजून खुद्री त्याच्या शेजारीं सोडण्यांत आली.

पुढें काय झालें हें कळलें तें शिकाऱ्यांच्याच वह्यांतून. कावेरीवरच्या तळांवर मासा धरून, तोलून पुन्हा सोडून देण्याची प्रथा होती, आणि प्रत्येक माशाची नोंद होई. १९९८ ते २०१२ या काळांतल्या नोंदी तपासून एड्रियन पिंडर, राजीव राघवन प्रभृति संशोधकांनीं २०१५ सालीं निष्कर्ष काढला. धरलेल्या महसीरांची एकूण संख्या वाढली होती. पण ती वाढ निळ्या परांच्या खुद्रीची. नारिंगी परांचे मासे दुर्मिळ होत चालले होते, आणि जे सांपडत ते वयस्कर व मोठे असत. लहान मासे मिळत नव्हते, म्हणजे नवी पिढी येत नव्हती. नुसती संख्या पाहणाऱ्यास नदी भरभराटलेली दिसली असती. २०१८ सालीं याच मंडळींनीं, त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरहि होते, हा मासा म्हणजे केरळांतील पांबार नदीवरून २००७ सालीं वर्णिलेली ‘रेमादेवी’ जाति होय असें सिद्ध केलें. नांव मिळालें त्याच वर्षीं अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादींत त्याची गणना झाली. खुद्री मात्र पुढें संकटग्रस्तांच्या वर्गांतून वगळण्यांत आली.

या अनर्थाचें खापर कुळकर्णी-ओगले यांच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. त्यांनीं घेतलेलें काम मासा जगविण्याचें होतें, आणि तो जगला. दोष द्यावयाचाच तर सोडण्यापूर्वीं त्या पाण्यांत कोण राहतें हें न पाहणाऱ्या उतावळेपणास द्यावा. तो उतावळेपणा अजून गेलेला नाहीं; नदींत पिलें सोडण्याचे समारंभ होतात, त्यांचीं छायाचित्रें निघतात, पण पुढच्या वर्षीं त्यांतलीं किती उरलीं हें पाहावयास कोणी येत नाहीं.

पुण्याकडच्या नद्यांच्या नोंदी तरी कितीशा? सायक्स १८३९ सालीं, मग एकदम १९४२ सालीं फ्रेझर यांची यादी, नंतर २००३ सालीं खरात, डहाणूकर आदींचा निबंध. जुन्या यादींतील कित्येक जाति या शेवटच्या मंडळींस मिळाल्या नाहींत. बाहेरून आणलेल्या मात्र मिळाल्या. देहूच्या डोहांतील मासे पिढ्यान् पिढ्या कोणी धरीत नसे. परंतु जाळ्यापासून मिळालेलें अभय सांडपाण्यापासून मिळत नाहीं, आणि इंद्रायणींत मासे मेल्याच्या वार्ता अलीकडे वारंवार वाचाव्या लागतात.

खोपोलीच्या दक्षिणेस, रायगड जिल्ह्यांतच महाड तालुक्यांत, काळ नदीवर वाळणकोंड नांवाचा एक खोल डोह आहे. तेथील महसीर वरदायिनी देवीचे समजले जातात. यात्रेकरू त्यांस खाऊ घालतात, त्यांना कोणी मारीत नाहीं. त्यांची पैदास कोणी केलेली नाहीं, आणि पावसाळ्यांत काळ नदी भरली कीं ते आपल्या वाटेनें वर जातात.