चांदवडची दुपार

मोठ्या संकटांपेक्षा लहानसहान कटकटीच मनुष्यास अधिक छळतात, असा आमचा अनुभव आहे. संकट आले म्हणजे आप्तेष्ट धावून येतात, शेजारी विचारपूस करतात, आणि पुढे तेच संकट चारचौघांत सांगण्याजोगी एक गोष्टही होऊन बसते. परंतु घड्याळ दहा मिनिटे मागे राहिले आणि त्यापायी गाडी चुकली, तर सहानुभूती दूरच राहो, ऐकणारा उलट हसतो. अशा कटकटींना इतिहास असू शकतो ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. आमच्याही ती आली नव्हती; गेल्या मे महिन्यात चांदवडास एका काठीने ती आमच्या ध्यानी आणून दिली.

चांदवड हे आमचे आजोळ. डोंगराच्या पायथ्याशी वसलेले, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे, अहिल्याबाईंच्या रंगमहालाचे आणि रेणुकादेवीचे हे गाव नाशिक जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहे. मामांच्या नातवाने शाळेत असे ऐकले होते की, वर्षातून दोन दिवस आपल्या गावी सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. चांदवडास हा योग मे महिन्याच्या २१ तारखेच्या सुमारास व पुन्हा जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. मुलाने अंगणात दोन हात उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवली, घरातील सर्वांस बोलाविले, आणि बाराच्या ठोक्यास सर्वांनी काठीकडे पाहिले. सावली जागच्या जागी होती! अर्ध्या वितीएवढी, पश्चिमेकडे पसरलेली, स्वच्छ काळी सावली. उन्हाने तापलेली मंडळी हसत आत गेली, वीज गेलेली असल्यामुळे हातपंखे घेऊन पानांवर बसली, आणि बिचारा मुलगा रडकुंडीस आला. तेव्हा ओसरीवर बसलेली आमची वृद्ध आई म्हणाली, “अरे बाळ, बारा घड्याळात वाजले. चांदवडात अजून वाजायचे आहेत. थांब जरा.” मुलगा थांबला. साडेबाराच्या सुमारास काठीची सावली तिच्या बुडाशी विरून गेली.

आईच्या त्या वाक्यात जो अर्थ भरलेला आहे, तो उलगडून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

‘दुपार’ हा शब्द ‘दोन प्रहर’ यांपासून झाला आहे. सूर्योदयापासून दिवसाचे दोन प्रहर लोटले आणि सूर्य माथ्यावर आला म्हणजे दुपार. ही दुपार ज्या त्या गावची स्वतःची असे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावी ती आधी होते आणि पश्चिमेच्या गावी मागाहून; रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटे, असा हा हिशेब आहे. त्यामुळे मुंबईच्या सुमारे सहा मिनिटे आधी चांदवडास दुपार होते. परंतु या सहा मिनिटांची उठाठेव कोणास होती? मंगलकार्याचा मुहूर्त साधावयाचा झाल्यास बुडाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे झाली. शेतकरी रात्री तारे पाही, दिवसा सावली पाही, आणि त्यात त्याचे काही अडत नसे.

जी गोष्ट काळाची तीच नाण्याची. होळकरांच्या अमलात चांदवडास टांकसाळ होती, आणि तेथील ‘चांदवडी रुपया’ नाशिक-खानदेशाकडे चालत असे. दुसऱ्या टांकसाळीच्या रुपयाशी त्याची बदली करावयाची झाल्यास सराफ बट्टा घेई. हा बट्टा म्हणजे व्यापाऱ्यास नित्याची कटकट; तथापि आपले नाणे निराळे असावे यात कोणास वावगे वाटत नसे. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला, १८३५ साली कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला, आणि गावोगावची नाणी हळूहळू सराफांच्या मुशीत गेली. बट्ट्याची कटकट संपली, हा लाभ उघड आहे. नाण्यावरील आपल्या गावचे नाव गेले, हीही गोष्ट तितकीच खरी. नाणे एक झाले; पुढे पाळी काळाची होती.

ती पाळी आगगाडीने आणली. १८६५ च्या १ जानेवारीस थळ घाटातून लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी घाट चढून मनमाडाकडे थेट जाऊ लागली. आग्रा रस्त्यावरील चांदवडास मात्र लोहमार्गाने बगल दिली. गाडी धरावयाची तर सात-आठ कोसांवरील मनमाडास किंवा लासलगावास बैलगाडीने जावयाचे. बरे, तेथे जाऊन तरी निभाव लागावा! आगगाडीस प्रत्येक गावची निराळी दुपार परवडत नाही. एका मार्गावर दोन गाड्या निरनिराळ्या वेळेने चालल्या तर त्यांची टक्करच व्हावयाची. विलायतेतही हाच प्रसंग आला होता. ब्रिस्टल शहरातील एका जुन्या घड्याळास मिनिटांचे दोन काटे आहेत, एक गावच्या वेळेचा आणि दुसरा त्याहून दहा मिनिटे पुढे असलेल्या ग्रिनिचच्या वेळेचा. हिंदुस्थानात आगगाडीसाठी मद्रासची वेळ पत्करण्यात आली. मद्रासेस १७९२ पासून वेधशाळा होती, तेथून तारायंत्राने वेळ कळविता येत असे, आणि मुंबई व कलकत्ता यांची वेळ सुमारे एका तासाने भिन्न असता मद्रासची वेळ त्या दोहोंच्या मध्ये पडत होती.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. मद्रास व चांदवड यांच्या रेखांशांत सुमारे सहा अंशांचे अंतर आहे. सहा चोक चोवीस. म्हणजे मनमाडच्या स्टेशनावरील घड्याळ चांदवडच्या सूर्याहून बरोबर एक घटका पुढे! अंगणातील सावली पाहून निघालेला मनुष्य एक घटका उशिरा पोहोचावयाचा, आणि तोपर्यंत गाडी निघून गेलेली असावयाची. घटिकापात्र एकदा बुडावे एवढ्या अवधीत वर्षातून एकदा घडणारी पंढरीची वा काशीची यात्रा चुकावी, यापरते दुर्दैव कोणते? गाडीच्या वेळेच्या दोन-दोन तास आधी वळकटीसह फलाटावर जाऊन बसण्याची जी सवय आमच्या वडीलधाऱ्यांत आढळते आणि जिला सुशिक्षित तरुण हसतात, ती सवय अडाणीपणाची नव्हे, शहाणपणाची होती असे आम्हांस वाटते. ज्याचे घड्याळ आपल्या हाती नाही, त्याच्या दारी आधी जाऊन बसणे हाच एक उपाय असतो.

खेड्यांनी हे निमूटपणे सोसले. मुंबईने सोसले नाही. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांस मद्रासची वेळ लावली, तेव्हा शहरात मोठा असंतोष माजला. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, याचाही वाद झाला, आणि अखेर १८८३ मध्ये सरकारास माघार घ्यावी लागली. पुढे १९०६ च्या १ जानेवारीपासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची, वेळ साऱ्या देशासाठी ठरली. ही वेळ मुंबईच्या सूर्याहून एकोणचाळीस मिनिटे पुढे. तिच्याविरुद्ध त्याच महिन्यात मुंबईतील गिरणी-कामगारांनी काम थांबविले. कारण घड्याळ पुढे सारले म्हणजे गरिबास तेवढे अधिक अंधारात उठावे लागणार, हे त्यांस पंडितांच्या आधी कळले. मुंबईच्या नगरपालिकेने तर आपली ‘मुंबई वेळ’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जतन केली. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. चांदवडच्या तेहतीस मिनिटांसाठी मात्र कोणी सभा भरविली नाही.

परंतु या तेहतीस मिनिटांत पुढे आणखी साठ मिनिटांची भर पडली, आणि ती आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या १ सप्टेंबरपासून १९४५ च्या १५ ऑक्टोबरपर्यंत, देशभराची घड्याळे एक तास पुढे करण्यात आली होती. लोक या वेळेस ‘नवा टाइम’ म्हणत. आमचे आजोबा चांदवडास शिक्षक होते. शाळेसाठी ते घरचे घड्याळ तासभर पुढे करीत; आणि आमची आजी, ‘चुलीला तुमचा नवा टाइम कळत नाही’ असे म्हणून ते पुन्हा मागे लावी. या ओढाताणीत, १९४३ च्या १५ जानेवारीस, किंक्रांतीच्या दिवशी, आमच्या आईचा जन्म झाला. आजोबांनी वहीत टिपले : ‘सकाळी ९ वाजता.’ नवे नऊ की जुने नऊ, हे लिहावयाचे राहिले.

एकवीस वर्षांनी आईचे लग्न ठरू लागले तेव्हा वरपक्षाच्या जोशीबुवांनी नेमके हेच विचारले. नऊ जुने असतील तर लग्नरास कुंभ; नवे असतील तर खरे आठच, आणि रास मकर. एका तासाने सर्व ग्रह एकेक घर सरकत होते. ज्योतिषावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, हा प्रश्न येथे नाही. त्या काळच्या मुलीचे लग्न त्यावर अडत असे, ही वस्तुस्थिती आहे. आजोबांस काहीच आठवेना. घड्याळ त्या दिवशी कोणाच्या हाती होते, याबद्दल दोघांत एकमत होईना. बोलणी मोडण्याच्या बेतास आली.

तेव्हा आजी म्हणाली, “मला वाजले किती ते ठाऊक नाही. पण मुलीचा पहिला टाहो ऐकला, तेव्हा दारातून ऊन दिसत होते. ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर होते.” पौष महिन्यातील ते ऊन दरवर्षी त्याच तारखेस त्याच पायरीवर यावयाचे. १९६४ च्या १५ जानेवारीस आजोबा पहाटेपासून पूर्वाभिमुख ओसरीसमोर घड्याळ घेऊन बसले. सात वाजून गेल्यावर सूर्य उगवला; ऊन पहिल्या पायरीवर आले, सरकले, आणि दुसऱ्या पायरीस लागले तेव्हा घड्याळात आठ वाजण्याचा सुमार होता. वहीतील नऊ युद्धाचे होते. जोशीबुवांनी मकर लग्न मान्य केले, आणि ती पत्रिका जुळली याचा पुरावा म्हणून प्रस्तुत लेखक आपणांसमोर उभा आहे.

आम्ही जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. साऱ्या देशास एक वेळ नसती तर ना गाड्या चालल्या असत्या, ना परीक्षा एका तासाला बसल्या असत्या. आज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळे देशाची वेळ राखतात आणि आपल्या खिशातील मोबाइल आपण होऊन तिच्याशी जुळते राहतात. घड्याळ मागे पडल्याची कटकटही आता जवळजवळ संपली. परंतु प्रत्येक सोयीमागे एक करार असतो. घड्याळातील बारा हा साऱ्या देशाने केलेला करार आहे. काठीची सावली हा सूर्याचा शब्द आहे. करार पाळावा, पण तो करार आहे हे विसरू नये. नाहीतर सूर्यच उशिरा आला असे म्हणण्याची पाळी येते, आणि त्या दिवशी अंगणात आमची सर्वांची तीच गत झाली होती. चांदवडच्या दुपारीवर घेतलेला हा बट्टा शंभर वर्षांहून अधिक काळ आम्ही देत आलो, आणि आपण काय देत आहोत हे घरातील एका वृद्ध बाईवाचून कोणास ठाऊक नव्हते.

जेवणे झाल्यावर आम्ही अंगणात आलो, तो मुलाने काठी उपटून टाकली असेल अशी आमची समजूत होती. काठी तेथेच होती, आणि तिची सावली आता पूर्वेकडे झुकली होती. शेजारच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘चांदवडचे १२ = घड्याळाचे १२-३०.’ खाली त्याने आजीची साक्ष म्हणून तिचे नाव घातले होते.