पोलिना आजीच्या भिंती

साल 1998. युक्रेनमधल्या खेर्सोनहून सुटलेली बस तुम्हाला द्नीप्रो नदीच्या लांबलचक पुलावरून डाव्या काठाला आणते. शाळेच्या भूगोलात आपण जिला नीपर म्हणून शिकलो, तीच ही नदी. गावाच्या पाटीवर त्सुरुपिन्स्क असं लिहिलेलं आहे. ते एका बोल्शेविक पुढाऱ्याचं नाव. ओलेश्की हे जुनं नाव गावाला परत मिळायला अजून 18 वर्षं आहेत.

बसमधून उतरलात की पायाखाली वाळू लागते. गावालगत वाळूचे मैलोन्‌मैल पट्टे आहेत, मधूनमधून पाइनची लागवड. बैठी घरं, अंगणात टोमॅटोचे वाफे, पत्र्याची फाटकं. सोव्हिएत संघ मोडून सात वर्षं झाली आहेत. नवं चलन आलं आहे, पण पेन्शन वेळेवर येईल याची खात्री नाही. ज्यांच्याकडे जमिनीचा तुकडा आहे ते भाजी पिकवतात आणि उरलेली विकतात. अशाच एका फाटकातून आत या.

आत पोलिना राइको आहे. सत्तरीला टेकलेली, शेतात राबून हात राठ झालेली. आपण तिला आजी म्हणू. 1994 मध्ये तिची मुलगी मोटार अपघातात गेली. पुढच्याच वर्षी नवरा गेला. मुलगा दारूच्या आहारी गेलेला, त्याचा तुरुंगवासही तिच्याच वाट्याला आलेला. आयुष्यात तिने कधी चित्र काढलेलं नाही. चित्रकलेचा वर्ग, शिक्षक, प्रदर्शन यांतलं काही तिच्या वाटेवर आलेलंच नाही. आज तिच्यासमोर ऑइलपेंटचे डबे उघडे आहेत, फाटकांना आणि खिडक्यांना मारतात तो स्वस्तातला रंग. हातात साधा ब्रश. समोर तिच्याच घराची भिंत.

थांबा आणि तिचा हात बघा. या रंगात छटा मिसळून हळुवार उतार काढणं अवघड असतं. तो गडद बसतो, चकाकतो आणि वाळायला रात्र घेतो. ती त्याच्याशी झगडत नाही. निळा तर निळा, लाल तर लाल, कडेला स्पष्ट रेघ. आज काढलेलं पाखरू उद्या वाळेल, मग त्याच्याभोवती पानं येतील.

आता चार वर्षं पुढे या आणि त्याच घरात शिरा.

एकही खोली कोरी उरलेली नाही. भिंती झाल्या, दारं झाली, छतसुद्धा झालं. सत्तरी ओलांडलेली बाई, मान मागे टाकून, डोक्यावरच्या छतावर ब्रश चालवत होती. तिथून रंग बाहेर अंगणात आला. उन्हाळ्यात वापरायचं वेगळं स्वयंपाकघर, गॅरेज, कुंपण, फाटक, सगळीकडे पसरला. रस्त्याने जाणाऱ्याला तो दिसतो. शेजाऱ्यांना हे वेड वाटतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. पेन्शनीतले पैसे पोटाला खर्चायचे सोडून भिंतीला लावणारी म्हातारी त्यांनी पूर्वी कधी पाहिलेली नसते.

सावकाश फिरा. कबुतरं दिसतील, ती तर सगळीकडेच आहेत. हंस, मासे, फुलं, न ओळखता येणारी जनावरं. येशू आहे, मरियम आहे, देवदूत आहेत. त्याच घरात सोव्हिएत काळातल्या खुणाही आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी भांडण नाही. ज्या बाईने अर्धशतकाहून जास्त काळ एका राजवटीत काढला आणि देवळातली चित्रंही मनात जपली, तिच्या डोक्यात हे सगळं एकाच घरात नांदत होतं. तिने ते तसंच भिंतीवर आणलं. एका ठिकाणी पंखांच्या बाया आहेत. त्यांत ती स्वतः आणि तिच्या बहिणी.

आणि नवरा. त्याला तिने नावेत बसवलं आहे. गावाजवळून द्नीप्रोचा कोंका नावाचा फाटा वाहतो. पिणारा नवरा होता. भिंतीवर त्याला ती संत करत नाही, त्याच्यावर सूडही घेत नाही. पाणी आणि नाव देते. मला या घरातली ही जागा सगळ्यांत मोठी वाटते. समीक्षक अशा चित्रांना भाबडी कला म्हणतात. शब्द वाईट हेतूने वापरलेला नाही, पण इथे तो तोकडा पडतो. चाळीसेक वर्षांच्या संसाराचा हिशेब एवढ्या समतोलाने मांडणाऱ्या बाईला भाबडी म्हणवत नाही.

ती एकटी कुठून उगवली, असा प्रश्न तुम्हाला पडेल. युक्रेनच्या खेड्यांत बायका घर पांढरं सारवून चुलीभोवती, खिडक्यांभोवती फुलं रंगवत आल्या आहेत. त्याच मातीतून कातेरिना बिलोकूर आली, शाळेचं तोंड न पाहिलेली, स्वतः ब्रश तयार करून फुलं रंगवणारी. बोलोत्न्या गावची मारिया प्रिमाचेंको आली, जिची अद्भुत जनावरं 1937 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोचली. दोघींना राज्याचे मानसन्मान मिळाले. राइकोला तसं काही मिळालं नाही. आणखी एक फरक होता आणि तो पुढे जिवावर बेतला. त्या दोघींची चित्रं कॅनव्हासवर, कागदावर होती. काखेत घेऊन पळता येतील अशी.

2002 मध्ये मुलगाही जातो. जानेवारी 2004 मध्ये पोलिना आजी जाते. पुढच्या वर्षी खेर्सोनमधले तरुण कार्यकर्ते तिच्या घराचं चित्रपुस्तक काढतात. कलावंत येतात, छायाचित्रं घेतात, ओलीने सुटू लागलेल्या रंगाची काळजी करतात. स्मारक म्हणून घराला भक्कम सरकारी आधार मिळावा म्हणून वर्षानुवर्षं खटपट चालते. ती फार लांबली, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आता फेब्रुवारी 2022. आधी उत्तरेला, कीवजवळच्या इवान्किव गावात चला. रशियन सैन्य पुढे सरकतं आहे आणि गावचं संग्रहालय पेटलं आहे. आत प्रिमाचेंकोची चित्रं आहेत. गावातली माणसं जळत्या इमारतीत शिरतात आणि ती बाहेर काढतात. इमारत जाते, चित्रं वाचतात.

त्याच दिवसांत ओलेश्की रशियाच्या ताब्यात जातं. नोव्हेंबरमध्ये रशियन फौजा खेर्सोन सोडून नदीपलीकडे हटतात आणि तुम्ही बसने ओलांडलेला तो पूल उद्ध्वस्त होतो. उजवा काठ सुटतो. डावा, पोलिना आजीचा काठ, ताब्यातच राहतो.

6 जून 2023. पहाटे काखोव्का धरण फुटतं. धरण रशियन सैन्याच्या ताब्यात होतं. 1956 पासून साठवलेला, सुमारे 18 घन किलोमीटर पाण्याचा जलाशय खाली धावतो. खेर्सोनजवळ नदी पाच मीटरहून जास्त चढते. ओलेश्की जवळजवळ सगळंच बुडतं. माणसं छपरांवर चढून मदतीची वाट बघतात, आणि अनेकांपर्यंत ती पोचत नाही. अशा दिवशी चित्रांची चौकशी करायला संकोच वाटतो, तरी करायला हवी, कारण ज्यांनी धरणाखालचं जग बुडवलं त्यांच्या खात्यावर हेही मांडलं गेलं पाहिजे. पोलिना आजीचं घर पाण्याखाली आहे. ऑइलपेंटचा थर भिंतीला श्वास घेऊ देत नाही. पाणी आत मुरलं की गिलावा फुगतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. पाणी ओसरल्यावर आलेल्या छायाचित्रांत चिखल दिसतो, पडलेला गिलावा दिसतो, मधेच टिकून राहिलेला एखादा तुकडा दिसतो. बराचसा भाग गेलेला आहे. दुरुस्ती जाणणारे लोक नदीच्या दुसऱ्या काठाला आहेत आणि मधे युद्धाची आघाडी आहे.

त्या अंगणातून आता बाहेर या. अख्खं घर जसं होतं तसं आता फक्त पुरापूर्वी घेतलेल्या छायाचित्रांत आणि 2005 च्या त्या पुस्तकात आहे. इंटरनेटवर ती छायाचित्रं सापडतात. वेळ काढून बघा, आणि चित्रकर्तीच्या नावानिशी दुसऱ्यांना दाखवा: पोलिना राइको, जन्म 1928, मृत्यू 2004, राहणार ओलेश्की.