बंबामागें धावणारा गोलंदाज

शहाण्या माणसांविषयीं लोकांस आदर वाटतो, परंतु गोष्टी सांगाव्याशा वाटतात त्या छांदिष्ट माणसांच्या. कोणत्याही गांवाचा इतिहास चाळला, तरी पाटील-कुळकर्ण्यांचीं नांवें दप्तरांत सांपडतात आणि तेथील वल्लीचें नांव लोकांच्या तोंडीं असतें. अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉल हा खेळही एका मोठ्या गांवासारखाच आहे. त्याचें दप्तर इतकें चोख, कीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या सामन्यांचा हिशेब आजही पाहावयास मिळतो. असें असूनही त्या खेळाच्या चाहत्यांना एकत्र बसवावें, तर आंकड्यांहून विक्षिप्तांच्या आख्यायिकाच अधिक रंगतात. असें कां व्हावें, आणि या रंगण्याचें मोल कोण देतो, याचा थोडा विचार एका खेळाडूच्या चरित्राच्या आधारें आम्ही येथें करणार आहों.

त्या खेळाडूचें नांव जॉर्ज एडवर्ड वॉडेल. पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील ब्रॅडफर्ड येथें १८७६ सालीं त्याचा जन्म झाला. खेड्यांतून आलेल्या या दांडग्या पोरास लोक 'रूब', म्हणजे गांवढळ, म्हणूं लागले आणि तेंच नांव त्याला जन्माचें चिकटलें. बेसबॉलमध्यें चेंडू फेकणारास पिचर म्हणतात. आपल्या परिचयाच्या क्रिकेटमधील गोलंदाजाचाच तो भाऊबंद. तीन चेंडू साधले नाहींत म्हणजे समोरचा फलंदाज बाद होतो. डावखुऱ्या वॉडेलची या कामांतील हातोटी विलक्षण होती. १९०२ पासून १९०७ पर्यंत सलग सहा वर्षें अमेरिकन लीगमध्यें याप्रमाणें सर्वांत अधिक फलंदाज बाद करण्याचा मान त्याच्याकडेच राहिला. ता. ४ जुलै १९०५ रोजीं बॉस्टन येथें नऊ डावांचा सामना वाढत वाढत वीस डावांपर्यंत गेला, तेव्हां साय यंगसारख्या दिग्गजाविरुद्ध अखेरपर्यंत चेंडू फेकून त्यानें तो ४-२ असा जिंकला.

परंतु वॉडेलचें नांव काढतांच हा पराक्रम कोणी सांगत नाहीं. सांगतात तें हें, कीं आगीच्या बंबाची घंटा ऐकूं आली कीं तो सर्व सोडून त्यामागें धांवत सुटे. त्याच्यासह एकाच बिछान्यावर निजणाऱ्या ऑसी श्रेकेनगॉस्ट या सोबत्यानें, वॉडेलनें अंथरुणांत बिस्किटें खाऊं नयेत असें कलम करारांत घालण्याचा हट्ट धरला, असेंही सांगतात. वरील वीस डावांच्या सामन्यांतील 'तो' चेंडू दारूच्या मोबदल्यांत त्यानें अनेक गुत्तेवाल्यांना दिला, आणि प्रत्येकास आपल्याचजवळ खरा चेंडू आहे असें वाटत राहिलें, ही कथा तर फारच लोकप्रिय आहे. यांतील किती खरें आणि किती वर्तमानपत्रांच्या बातमीदारांनीं वाढविलेलें, हें निवडणें कठीण आहे. मात्र ज्याच्याविषयीं अशा गोष्टी रचाव्याशा वाटतात, तो मनुष्य सामान्य नसतो, इतकें खास.

लोकांना यांत एवढें काय आवडलें? आमच्या मतें त्याचें उत्तर त्या काळच्या जीवनांत आहे. अमेरिकेंतील शहरें तेव्हां कारखान्यांच्या भोंग्यावर चालूं लागलीं होतीं. खेळाडूही या शिस्तींतून सुटला नव्हता. १९०४ पासून एका हंगामांत १५४ सामने खेळावे लागत. आणि एकदां करारावर सही केली कीं मालकानें सोडल्याशिवाय किंवा विकल्याशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे जातां येत नसे. हें बंधन १९७५ सालच्या लवादाच्या निवाड्यापर्यंत टिकलें. अशा जगांत एक मनुष्य घंटा ऐकून मनास येईल तिकडे धांवतो, ही बातमी सकाळीं वाचून कचेरीस निघालेल्या कारकुनास काय वाटत असेल, हें सांगावयास नको. जें आपणांस करवत नाहीं तें दुसरा करतांना पाहून मनास थोडी मोकळी हवा मिळते.

परंतु या मोकळीकीस एक अट होती: खांदा शाबूत असला पाहिजे. फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचे व्यवस्थापक कॉनी मॅक हे कडक कॉलर घालून बसणारे अत्यंत नेमस्त गृहस्थ. १९०१ पासून १९५० पर्यंत त्यांनीं हा एकच संघ चालविला. वॉडेलच्या हातीं पैसा टिकत नाहीं हें जाणून ते त्याला पगार थोडा थोडा देत, असें म्हणतात. त्यांनीं सहाएक वर्षें त्याला बापाच्या ममतेनें सांभाळलें. १९०५ च्या अखेरीस मात्र त्याचा खांदा दुखावला आणि जागतिक मालिकेस तो मुकला. जुगाऱ्यांनीं त्याला फितविलें अशी कुजबुज झाली. पुरावा कांहीं पुढें आला नाहीं. दारू वाढली, सोबती कंटाळले, आणि १९०८ च्या हंगामापूर्वीं मॅक यांनीं त्याला सेंट लुईसला विकलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें आपल्या जुन्या संघाविरुद्ध त्यानें एका सामन्यांत सोळा जणांना बाद केलें. एका अवलियाचा राग याहून निराळा कसा असणार?

१९०५ ची ती मालिका न्यूयॉर्कच्या ख्रिस्टी मॅथ्यूसनने गाजविली. तो महाविद्यालयांत शिकलेला, सुशील, आईबापांनीं मुलांस उदाहरण म्हणून दाखवावा असा. त्या मालिकेंतील तीन सामन्यांत त्यानें प्रतिपक्षास एकही धांव दिली नाहीं. आम्ही शिक्षकवर्गांतले असल्यामुळें आमचा ओढा साहजिकच मॅथ्यूसनकडे असावयास हवा. आणि तरी कबूल केलें पाहिजे कीं, वाचतांना पानें उलटतात तीं वॉडेलचीं. मॅथ्यूसनविषयीं आदर वाटतो. वॉडेलविषयीं काळजी वाटते. जो स्वतःची काळजी घेत नाहीं त्याची काळजी वाचकास वाहावी लागते, हेंच कदाचित् अशा माणसांच्या मोहाचें खरें बीज असेल.

ही काळजी अनाठायीं नव्हती. १९१२ सालीं मिसिसिपी नदीस पूर आला, तेव्हां वॉडेल केंटकी संस्थानांतील हिकमन गांवीं होता. बांध फुटूं नये म्हणून बर्फासारख्या पाण्यांत तासन् तास उभा राहून तो वाळूचीं पोतीं रचीत राहिला. त्यांतून न्यूमोनिया झाला, प्रकृति खचली आणि पुढें क्षय जडला. ता. १ एप्रिल १९१४ रोजीं सॅन अँटोनियो येथें वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं तो वारला. बंबामागें धांवणारा आणि पुरांत उभा राहणारा मनुष्य एकच होता. संकट दिसलें कीं तिकडे धांवावयाचें, हा त्याचा स्वभाव. पहिल्या वेळीं लोक हंसले, दुसऱ्या वेळीं गांवानें त्याचा उपयोग करून घेतला.

आणखी एक गोष्ट येथें नजरेआड करतां येत नाहीं. हा विक्षिप्तपणाचा परवाना सर्वांना मिळत नसे. कृष्णवर्णीयांना या लीगांचीं दारेंच बंद होतीं. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन पहिल्यानें आंत आला, तो शिव्याशाप मुकाट्यानें सोसण्याचें बंधन पत्करून. त्याला एक लहरही परवडण्यासारखी नव्हती. सॅचेल पेज हा त्याच वंशाचा थोर पिचर. आपलें वय लपविण्याचा खेळ तो वर्तमानपत्रांशीं हंसत हंसत खेळे. अमेरिकन लीगमध्यें त्याला प्रवेश मिळाला १९४८ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं. त्याच्या वयावर अमेरिका खूप हंसली. परंतु त्या विनोदाच्या पोटांत वीस वर्षांची लूट दडलेली होती. वॉडेलचा चक्रमपणा स्वभावजन्य होता, पेजचा बुद्धिपुरस्सर. टाळ्या वाजविणाऱ्यांस हा भेद क्वचितच दिसला.

शेवटीं पुन्हां त्या चोख दप्तराकडे वळूं. १९०४ सालीं वॉडेलने ३४३ फलंदाज अशा रीतीनें बाद केले, असें बरींच वर्षें मानीत. १९४६ मध्यें बॉब फेलरने ३४८ बाद केले, तेव्हां विक्रम मोडला असें वाटलें. मग कोणीं जुने कागद पुन्हां तपासले, तों वॉडेलचे खरे बाद ३४९ निघाले! तो आंकडा पुढें १९६५ पर्यंत, सँडी कोफॅक्सने ३८२ बाद करीपर्यंत, अभंग राहिला. बिस्किटांची गोष्ट सर्वांना पाठ होती, पण त्याचे सहा बळी मोजावयास कोणास सवड झाली नव्हती.

अशा वल्लींच्या गोष्टी सांगूं नयेत, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांवांचून इतिहास अळणी होईल. परंतु हंसून झाल्यावर त्या माणसाचा हिशेब एकदां नीट मोजून पाहावा. आपलें त्याच्याकडे कांहीं येणें निघत नाहीं, देणेंच निघतें.